ईमेलची प्रिंट वाचताना: कोणी पाठवला, कोणाला पोचला?

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी माझ्या प्रबंधाच्या कच्च्या मसुद्यात एक वाक्य लिहिलं होतं: "जलवाहिनीच्या गळतीची माहिती तत्कालीन विभागप्रमुखांना जूनमध्येच होती, तरीही सप्टेंबरपर्यंत त्यांनी काहीही केलं नाही." वाक्य ठसठशीत होतं आणि मला ते आवडलंही होतं. पुरावा म्हणून एका कार्यालयाच्या फाइलमधली ईमेलची प्रिंट होती. मार्गदर्शकांनी समासात पेन्सिलीने एवढंच लिहिलं: "माहिती होती कशावरून? मेल त्यांना गेला होता का?"

मी लगेच प्रिंट काढून दाखवली. टू-समोर "सर्व विभागप्रमुख" असं लिहिलेलं होतं आणि हे गृहस्थ विभागप्रमुख होते. वर ठळक अक्षरात एक नाव होतं, ते मी पाठवणाऱ्याचं समजलो होतो. सरांनी विचारलं, "त्या दिवशी या यादीत कोण कोण होतं? आणि हे वरचं नाव पाठवणाऱ्याचंच आहे कशावरून?" माझ्याकडे दोन्हींची उत्तरं नव्हती.

ती मिळवायला दोन महिने गेले. वरचं ठळक नाव निघालं एका लिपिकाचं. दोन वर्षांनंतर लेखापरीक्षणाच्या वेळी त्यांनी तो मेल त्यांच्या संगणकावरून छापला होता, बाकी त्यांचा या प्रकरणाशी काडीचाही संबंध नव्हता. "सर्व विभागप्रमुख" ही सर्व्हरवरची यादी होती आणि तिच्यात माणसांची नावं नव्हती, पदांचे पत्ते होते. ज्यांच्यावर मी ठपका ठेवला होता त्यांची बदली मे महिन्यातच झालेली होती. जून ते ऑगस्ट ते पद दुसऱ्या एका अधिकाऱ्याच्या अतिरिक्त कार्यभारात होतं आणि ते आपलीच मेलपेटी बघत होते. म्हणजे मेल पोचला होता, पण ज्या पेटीत पोचला ती उघडायची जबाबदारी त्या तीन महिन्यांत कोणावरच नव्हती.

ते विभागप्रमुख आता निवृत्त आहेत. प्रबंध शोधगंगेवर चढला की कोणीही उघडून वाचू शकतं. त्यांच्या नातवंडांनीही वाचला असता. तेव्हापासून ईमेलची प्रिंट हातात आली की मी आधी मजकूर वाचत नाही, वरच्या चार ओळी वाचतो. ही पोस्ट त्या चार ओळींबद्दल आहे.

कागदी पत्रात हे प्रश्न का पडत नव्हते?

जुनं कार्यालयीन पत्र डोळ्यांसमोर आणा. वर कार्यालयाचं नाव, जावक क्रमांक, दिनांक. मग "प्रति", पदनाम आणि पत्ता. खाली सही, सहीखाली नाव आणि पदनाम. सगळ्यात शेवटी "प्रत माहितीसाठी" म्हणून यादी. ज्या कार्यालयात पत्र पोचलं तिथे आवक शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख. कोणी लिहिलं, कोणाला लिहिलं, कधी निघालं, कधी पोचलं ही चारही उत्तरं त्याच कागदावर. शिवाय दोन्ही टोकांच्या आवक-जावक नोंदवह्या ताडून बघता येतात.

ही सवय फार जुनी आहे. मोडी कागद वाचणाऱ्यांना "पैवस्ती" हा शब्द ओळखीचा असेल. आलेल्या पत्रावर ते कधी पोचलं याची नोंद पेशवाईतले कारकून करून ठेवत. पत्र लिहिल्याची तारीख आणि पोचल्याची तारीख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि माणसाला एखादी गोष्ट कधी कळली हे दुसरीवरून ठरतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

ईमेलमध्येही ही सगळी माहिती असते, खरं तर कागदापेक्षा जास्तच असते. पण ती मेलमध्ये असते, प्रिंटवर नसते. मेल छापताना संगणक वाचायला सोयीचं तेवढं ठेवतो आणि बाकीचं गाळतो. संशोधकाला नेमकं ते गाळलेलंच हवं असतं.

नाव वेगळं, पत्ता वेगळा, पाकीट वेगळं

आता थोडं तांत्रिक. घाबरू नका, तीनच गोष्टी समजून घ्यायच्या आहेत.

पहिली गोष्ट, फ्रॉम किंवा टू या ओळीत दोन भाग असतात. एक दिसणारं नाव, उदाहरणार्थ "उपअभियंता" किंवा "जोशी सर", आणि दुसरा ॲट-चिन्ह असलेला खरा पत्ता. मेल जातो तो पत्त्यावर. दिसणारं नाव ही फक्त पाटी आहे. ती पाठवणारा स्वतः हवी तशी लिहू शकतो, आणि वाचणाऱ्याच्या संपर्कयादीत त्या पत्त्यापुढे दुसरं नाव असेल तर बरेच प्रोग्रॅम तेच दाखवतात. त्यामुळे एकच मेल दोन संगणकांवरून छापला तर दोन प्रिंटांवर दोन वेगळी नावं येऊ शकतात.

दुसरी गोष्ट, मेललाही पाकीट असतं. फ्रॉम, टू, सीसी या ओळी म्हणजे पाकिटातल्या पत्रावरचा मायना. मेल पोचवणारे सर्व्हर मात्र वेगळ्या पाकिटावरचा पत्ता बघतात आणि पोचवून झालं की ते पाकीट साधारणपणे फेकून दिलं जातं. बीसीसी चालतो तो यामुळेच: पाकिटावर पत्ता असतो, मायन्यात नसतो. म्हणून मिळालेल्या मेलच्या प्रिंटवर बीसीसी शोधण्यात अर्थ नाही. तो दिसलाच तर पाठवणाऱ्याच्या "पाठवलेले" या फोल्डरमधल्या प्रतीवर दिसतो. "या तिघांनाच मेल गेला होता" असं तुम्हाला ठामपणे लिहायचं असेल तर पाठवणाऱ्याकडची प्रत बघितल्याशिवाय लिहू नका.

तिसरी गोष्ट, मेल ज्या ज्या सर्व्हरवरून जातो तो प्रत्येक सर्व्हर त्याच्या माथ्यावर "रिसीव्ह्ड" अशी एक ओळ वेळेसह जोडतो. ही मेलची पैवस्ती. या ओळी एकावर एक चढत जातात, म्हणून त्या खालून वर वाचायच्या: सगळ्यात खालची पाठवणाऱ्याच्या जवळची, सगळ्यात वरची मिळवणाऱ्याच्या सर्व्हरची. खालच्या ओळी खोट्या घालता येतात. मिळवणाऱ्याच्या स्वतःच्या सर्व्हरने जोडलेली वरची ओळ त्यातल्या त्यात भरवशाची. या सगळ्या ओळी, प्रत्येक मेलचा स्वतंत्र मेसेज-आयडी आणि उत्तर असेल तर मूळ मेलचा आयडी, हे सगळं मिळून झालं "पूर्ण हेडर". नेहमीच्या प्रिंटवर यातलं जवळजवळ काहीच येत नाही.

प्रिंटवर हमखास फसवणाऱ्या पाच जागा

१. सगळ्यात वरचं नाव. आउटलुकच्या मेमो पद्धतीच्या प्रिंटवर वर ठळक अक्षरात येणारं नाव छापणाऱ्या मेलपेटीचं असतं. ते पाठवणाऱ्याचं नसतं. जीमेलच्या प्रिंटवरही माथ्याशी खातेदाराचं नाव-पत्ता येतो. मी फसलो तो इथेच. मात्र हे नाव निरुपयोगी नाही: ही प्रत कोणाच्या पेटीतून आली हे त्यावरून कळतं, आणि ते कधीकधी फार महत्त्वाचं असतं.

२. नुसतं नाव, पत्ता नाही. पाठवणारा आणि घेणारा एकाच कार्यालयाच्या यंत्रणेतले असतील तर आउटलुक बहुतेक वेळा नुसती नावं छापतं. एका कार्यालयात दोन "एस. पाटील" असणं महाराष्ट्रात काही नवल नाही.

३. यादीचं नाव. "सर्व विभागप्रमुख", "तांत्रिक समिती", "मुख्यालय". अशा सर्व्हरवरच्या यादीत आज असलेली माणसं त्या दिवशी होती असं गृहीत धरता येत नाही. आज मागितली तर तुम्हाला आजची यादी मिळते.

४. वेळ. प्रिंटवरची वेळ सहसा छापणाऱ्या संगणकाच्या घड्याळाप्रमाणे दाखवली जाते. मूळ हेडरमध्ये वेळेपुढे +०५३० असा फरक लिहिलेला असतो, प्रिंटवर तो नसतो. परदेशी सल्लागार कंपनी, आंतरराष्ट्रीय बँक असे पक्ष तुमच्या विषयात असतील तर रात्री उशिराच्या मेलची तारीखच बदलू शकते.

५. पुढे पाठवलेला मेल. फॉरवर्ड केल्यावर मूळ मेलच्या फ्रॉम-टू ओळी साधा मजकूर म्हणून येतात. म्हणजे त्या टाइप केलेल्या अक्षरांसारख्याच असतात, कोणीही बदलू किंवा पुसू शकतं. साखळीतल्या तळाच्या मेलला मूळ मेलइतकं वजन देऊ नका.

हा वाद एकदा व्हाइट हाउसपर्यंत गेला होता

"प्रिंट आहे ना, मग मूळ मेल कशाला?" हा प्रश्न कार्यालयात तुम्हालाही ऐकावा लागेल. अमेरिकेच्या सरकारनेही न्यायालयात अगदी हेच म्हटलं होतं.

१९८०च्या दशकात व्हाइट हाउसमध्ये आयबीएमची प्रॉफ्स नावाची ईमेल यंत्रणा होती. इराण-कॉन्ट्रा प्रकरण १९८६च्या नोव्हेंबरमध्ये उघडकीला आलं, तेव्हा राष्ट्रीय सुरक्षा परिषदेतल्या ऑलिव्हर नॉर्थ आणि जॉन पॉइंडेक्स्टर यांनी आपले हजारो मेल पुसून टाकले. पण बॅकअपच्या टेपवर ते शिल्लक होते आणि चौकशी करणाऱ्या टॉवर आयोगाला ते वापरता आले. कोणी कोणाला काय कळवलं होतं हे त्या मेलमुळे बाहेर आलं.

पुढे जानेवारी १९८९मध्ये रेगन यांची कारकीर्द संपत असताना या यंत्रणेतला साठा पुसला जाणार असं दिसू लागलं. पत्रकार स्कॉट आर्मस्ट्राँग, नॅशनल सिक्युरिटी आर्काइव्ह ही संस्था आणि इतर काहींनी १९ जानेवारीला, म्हणजे कारकिर्दीच्या शेवटच्या पूर्ण दिवशी, न्यायालयात धाव घेतली. सरकारचं म्हणणं असं की महत्त्वाचे मेल कागदावर छापून फाइलला लावले की अभिलेख जतन झाला, मग संगणकावरची प्रत पुसली तरी चालेल.

खटला चार वर्षं चालला. १९९३च्या जानेवारीत जिल्हा न्यायालयाने आणि ऑगस्टमध्ये अपील न्यायालयाने सरकारचं म्हणणं फेटाळलं. अपील न्यायालयाचं कारण आपल्या कामाचं आहे. प्रिंटवर मजकूर येतो, पण पाठवणाऱ्याची आणि घेणाऱ्यांची ओळख येईलच असं नाही. तिथे नावाऐवजी सांकेतिक नाव असू शकतं, यादीचं नाव असू शकतं, आणि ते उलगडून सांगणारी निर्देशिका संगणकातच राहते. मेल कधी मिळाला याची पोचही कागदावर येत नाही. म्हणून कागदावरची प्रत ही मूळ मेलची जुळी प्रत नाही. तिच्यातून काहीतरी कापलेलं आहे. कोणाला काय ठाऊक होतं आणि कधी, हा प्रश्न पुढच्या इतिहासकाराला पडणार असेल तर कापलेला भागच महत्त्वाचा आहे.

यानंतर अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने १९९५मध्ये नियम केले: प्रत्येक मेल-अभिलेखासोबत पाठवणाऱ्याचं नाव, घेणाऱ्यांची नावं आणि तारीख जपायची, आणि यंत्रणा टोपणनावं किंवा याद्या वापरत असेल तर खरी नावं सांगणारी निर्देशिकाही जपायची. लक्षात घ्या, छापायला बंदी नव्हती. १९९९च्या एका निकालात तर योग्य रीतीने कागदी फाइलला लावल्यावर संगणकावरची प्रत काढून टाकायची मुभाही न्यायालयाने मान्य केली. अट होती ती कागदावर पूर्ण तपशील येण्याची. शेवटी २०१२मध्ये सरकारनेच ठरवलं की २०१६ संपेपर्यंत सगळ्या खात्यांनी ईमेल इलेक्ट्रॉनिक रूपातच सांभाळायचे.

आपल्याकडचा कायदा काय म्हणतो?

आपला कायदा याबाबतीत बराच स्पष्ट आहे, फक्त फाइल लावणाऱ्यांपर्यंत तो पोचलेला नसतो. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० मधलं कलम ७ अभिलेख इलेक्ट्रॉनिक रूपात जपण्याबद्दल आहे. त्यातली एक अट अशी की अभिलेख कुठून निघाला, कुठे गेला आणि पाठवल्याची किंवा मिळाल्याची तारीख-वेळ काय, हे ओळखता येईल असा तपशील त्यात असला पाहिजे. म्हणजे आवक-जावक नोंदवहीच, कायद्याच्या भाषेत.

दुसरी गोष्ट याहून डोळे उघडणारी आहे. जुन्या भारतीय साक्ष्य कायद्यात कलम ८८अ होतं आणि नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ती तरतूद कायम आहे. पाठवताना जो मजकूर संगणकात भरला तोच पोचला असं न्यायालय मानू शकतं, पण तो कोणी पाठवला याबद्दल मात्र न्यायालयाने काहीही गृहीत धरायचं नाही. न्यायाधीश जे गृहीत धरत नाहीत ते आपण पीएचडीच्या तिसऱ्या प्रकरणात खुशाल गृहीत धरतो!

न्यायालयात प्रिंट दाखल करायची तर सोबत प्रमाणपत्र लागतं, हेही ऐकून असाल. पूर्वीचं ६५ब, १ जुलै २०२४ पासून नव्या अधिनियमातलं कलम ६३. संशोधनाला अशा प्रमाणपत्राची गरज नाही. पण त्यामागचा प्रश्न आपलाही आहे: ही प्रत कोणत्या यंत्रातून, कोणी काढली?

मग प्रिंट मागायची कशी?

माहिती अधिकार कायदा २००५ मध्ये "माहिती"च्या व्याख्येतच ईमेल हा शब्द आहे, त्यामुळे "मेल देता येत नाहीत" हे उत्तर बरोबर नाही. नुसती प्रिंटच घ्यावी लागते असंही नाही. संगणकात साठवलेली माहिती इलेक्ट्रॉनिक रूपात मिळवण्याचा आणि अभिलेखाची प्रत्यक्ष पाहणी करण्याचा हक्क कलम २ (ञ) मध्ये आहे. माहिती ज्या रूपात मागितली त्या रूपात सहसा द्यावी असं कलम ७(९) सांगतं, कार्यालयाच्या साधनसामग्रीवर अवाजवी ताण येत असेल किंवा अभिलेखाला धोका असेल तर अपवाद.

माझ्या पहिल्या अर्जात मी "अमुक विषयावरील ईमेलच्या प्रती" असं लिहिलं होतं. मिळाल्या त्या नुसत्या प्रती. आता मी असं लिहितो:

"अमुक विषयावरील, अमुक ते अमुक दिनांकांमधील ईमेल मूळ इलेक्ट्रॉनिक स्वरूपात (ईएमएल किंवा एमएसजी फाइल) मिळावेत. ते शक्य नसल्यास प्रत्येक ईमेलच्या छापील प्रतीवर पाठवणारा, प्रति आणि सीसी यांची नावे व पूर्ण ईमेल पत्ते दिसावेत आणि सोबत पूर्ण हेडरची प्रत जोडावी. ईमेल गटाला पाठवला असल्यास त्या दिनांकास गटात असलेल्या पदांची यादी मिळावी."

शेवटचं वाक्य विसरू नका. गटाची जुनी यादी बऱ्याचदा मिळत नाही. "उपलब्ध नाही" असं लेखी उत्तर आलं तरी ते जपून ठेवा, कारण मग तुमच्या प्रबंधातली मर्यादा ही तुमची आळशीपणाची खूण राहत नाही.

कार्यालयात बसून बघायची परवानगी मिळाली आणि समोरच्या व्यक्तीला "पूर्ण हेडर" म्हणजे काय हे माहीत नसेल, तर तुम्हाला तरी माहीत हवं:

– जीमेलमध्ये त्या मेलच्या उजवीकडच्या तीन टिंबांवर "मूळ दाखवा" असा पर्याय आहे. तिथेच मूळ फाइल उतरवूनही घेता येते. प्रिंट काढायची तर त्या एका मेलच्या तीन टिंबांतून काढा, नाहीतर अख्खं संभाषण छापलं जातं.

– नेहमीच्या आउटलुकमध्ये मेल वेगळ्या खिडकीत उघडून फाइल, मग प्रॉपर्टीज. खाली "इंटरनेट हेडर्स" नावाची पेटी दिसते. त्यातला मजकूर कॉपी करून वेगळ्या पानावर छापा आणि मेलच्या प्रिंटला जोडा. कार्यालयातल्या कार्यालयात गेलेल्या जुन्या मेलची ही पेटी कधीकधी रिकामी असते. मग नावावर क्लिक करून पत्ता बघायचा आणि हाताने टिपून घ्यायचा.

– थंडरबर्डमध्ये कंट्रोल आणि यू ही बटणं दाबली की मूळ मेल जसाच्या तसा दिसतो. त्यात संपर्कयादीतल्या लोकांची फक्त नावं दाखवायची सोयही आहे. ती चालू असेल तर आधी बंद करा.

एक मोह टाळा: "मला फॉरवर्ड करा ना, मी घरी बघतो." फॉरवर्ड केला की मूळ हेडर गेलं. मेल फाइल म्हणून जतन करून किंवा जोडपत्र म्हणून पाठवला तर ते टिकतं.

तुम्ही स्वतः मुलाखतींची वेळ, संमती, संस्थेची परवानगी हे सगळं मेलवरच करता. त्या मेलनाही हेच नियम लावा. तीन वर्षांनी नैतिकता समितीने विचारलं की परवानगी कोणी दिली होती, तर "ऑफिस" एवढंच नाव असलेली प्रिंट दाखवून भागणार नाही.

पूर्ण पत्ता मिळाला म्हणजे माणूस सापडला?

नाही. पत्ता मेलपेटी ओळखतो, कीबोर्डवरची बोटं ओळखत नाही. आपल्या कार्यालयांत साहेबांची पेटी स्वीय सहायक उघडतात, उत्तरंही बऱ्याचदा तेच टाइप करतात. मेलच्या मानकात यासाठी दोन वेगळ्या ओळींची सोय आहे: फ्रॉम म्हणजे ज्याच्या वतीने, आणि सेंडर म्हणजे ज्याने प्रत्यक्ष पाठवला. यंत्रणेत तशी रचना केलेली असेल तर ते दिसतं. पण पासवर्डच चिठ्ठीवर लिहून दिलेला असेल तर हेडर काय करणार?

म्हणून हेडरच्या जोडीला कागद लागतात. पदाचा पत्ता असेल तर त्या तारखेला पदावर कोण होतं यासाठी बदलीचे आदेश आणि कार्यभार हस्तांतराची नोंद. यादी असेल तर यादीचे सदस्य. मेल वाचला गेला का यासाठी त्याला आलेलं उत्तर, टिपणीतला उल्लेख, बैठकीचं इतिवृत्त. माझ्या बाबतीत प्रश्न सुटला तो शेवटी एका साध्या कार्यभार हस्तांतराच्या नोंदीने.

प्रबंधात लिहिताना

मी आता प्रत्येक मेलसाठी तक्त्यात एक ओळ ठेवतो: फाइल आणि पान क्रमांक, ही प्रत कोणाच्या पेटीतून छापली, दिसणारी नावं जशीच्या तशी, पत्ते दिसतात का, मेलवरची वेळ, पोचल्याची वेळ असल्यास, आणि शेवटचा रकाना "मी लावलेला अर्थ". प्रिंटवर दिसतं ते आणि मी त्यावरून ठरवलं ते, या दोन गोष्टी वेगळ्या रकान्यात राहिल्या की अर्धे घोटाळे तिथेच टळतात.

हा तक्ता फक्त तुमच्या कपाटासाठी. प्रबंधात लोकांचे खासगी पत्ते छापायचे नाहीत. तिथे पदनाम किंवा सांकेतिक क्रमांक पुरतो. पत्ता बघायचा तो खात्री करण्यासाठी, जगाला दाखवण्यासाठी नाही.

आणि क्रियापदं सांभाळा. "मेल पाठवला गेला", "मेल या पत्त्यावर पोचला", "मेल अमुक व्यक्तीने वाचला", "अमुक व्यक्तीला माहिती होती" ही चार वेगळी विधानं आहेत आणि प्रत्येकाला वेगळा पुरावा लागतो. नुसत्या नावाच्या प्रिंटवरून फार तर पहिलं लिहिता येतं. पूर्ण पत्ता आणि हेडर असेल तर दुसरं. तिसऱ्यासाठी आणि चौथ्यासाठी आणखी कागद लागतात किंवा मुलाखत लागते.

माझं ते ठसठशीत वाक्य शेवटी असं झालं: "गळतीची सूचना जूनमध्ये विभागप्रमुख या पदाच्या मेलपेटीत पोचली. त्या काळात पद अतिरिक्त कार्यभारात होतं आणि ही पेटी पाहण्याची जबाबदारी कोणाकडे सोपवल्याची नोंद नाही." वाचायला आधीच्यापेक्षा फिकं आहे, पण त्यातून प्रकरणाचा खरा मुद्दा मिळाला. मी एका निष्काळजी माणसाची गोष्ट सांगायला निघालो होतो. प्रत्यक्षात ती बदली झाल्यावर टेबल, खुर्ची, कपाटाच्या किल्ल्या सगळं हस्तांतरित करणाऱ्या आणि मेलपेटी विसरणाऱ्या व्यवस्थेची गोष्ट होती.

तुमच्या फाइलमध्ये एखादी प्रिंट असेल तर आजच काढून बघा. मजकूर नंतर वाचा. आधी वरच्या चार ओळींतल्या प्रत्येक नावापुढे पेन्सिलीने लिहा: पत्ता दिसतो की नाही. जिथे "नाही" येईल तिथून तुमचं पुढच्या महिन्याचं काम सुरू होतं.